आपला आप्त कोण?

वटवाघूळ उडते म्हणून पुष्कळांना ते पक्षी वाटते. पण त्याला पिसे नसतात, केस असतात. ते पिलांना जन्म देते व दूध पाजते. म्हणजे ते आपल्यासारखेच सस्तन! लांब बोटांवर ताणलेली पातळ कातडी हाच त्याचा पंख.

समुद्रातील बिनशंखाची गोगलगाय मात्र शिंपल्यांच्या गटातील, मृदुकाय. तिला कणा नाही. तिचे डोळे जेमतेम उजेड-अंधार ओळखतात. डोक्यावरच्या शिंगांनी वास घेत ती अन्न शोधते. कीटक खाणारी वटवाघळे आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात भक्ष्य टिपतात. गरज एक, उपाय दोन!

आपल्या खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतून १९१३ साली 'राऊटनचे वटवाघूळ' ही जात जगाला माहीत झाली. कित्येक दशके ती अन्यत्र सापडली नव्हती. पुढे मेघालयात आढळली. बहुतेक वटवाघळांना एका वेळी एकच पिलू होते. गुहेत गोंगाट वा धूर झाला, तर घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

तेव्हा वटवाघळाला अपशकुनी म्हणू नका. रात्री पिके नासणारे किडे खाणारा तो आपला दूरचा नातलगच आहे.