फाटक पडलं की यांचा कॅमेरा सुरू

रेल्वेचं फाटक पडलं की आपल्याकडे माणूस आधी घड्याळ बघतो, मग गेटमनला दोन शब्द सुनावतो, आणि मोटारसायकलवाला असला तर दांडीखालून मान घालतो. अमेरिकेत मात्र काही हौशी मंडळी फाटक कधी पडतंय याची वाट बघत कॅमेरा घेऊन रस्त्याकडेला उभी असतात. दिवे लुकलुकले, घंटा वाजली की चित्रण सुरू. गाडी गेली, दांडी वर गेली की बंद. आगगाडीचे शौकीन निराळे. यांचा जीव सगळा सिग्नलवर.

ऐकायला खुळेपणा वाटेल, पण या खुळापायी बऱ्याच जुन्या वस्तूंची नोंद राहिली. पूर्वी फाटकावर माणूस लाल कंदील हलवत उभा राहायचा. 1909 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेचे अभियंते अल्बर्ट हंट यांनी त्या माणसाचं काम यंत्राला दिलं. मोठी गोल तबकडी, मधोमध लाल दिवा, घड्याळाच्या लंबकासारखी डुलणारी, आणि सोबत घंटा. लोक त्याला ‘विगवॅग’ म्हणू लागले. पुढे आळीपाळीने लुकलुकणारे दोन लाल दिवे आले आणि विगवॅग जवळजवळ सगळे उतरले. जे मागे राहिले त्यांच्यापाशी ही मंडळी लांबून प्रवास करून गेली आणि त्यांचं हलणं, त्यांचा आवाज टिपून ठेवला. घंटेचंही तसंच. जुनी घंटा म्हणजे लोखंडी तास आणि त्यावर पडणारा हातोडा; नवी बरीचशी इलेक्ट्रॉनिक, भोंग्यातून वाजणारी. आपल्याकडे जुना माणूस घुंगराच्या आवाजावरून कुणाची बैलगाडी आली ते सांगतो ना, तसे यांच्यातले जाणते नुसत्या आवाजावरून घंटेची जात सांगतात.

या सिग्नलच्या पोटात जी युक्ती आहे ती समजून घेण्यासारखी आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 साली तिचं पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा बाकीच्यांपासून विजेपुरता तोडायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. एका रुळातून जाऊन दुसऱ्यातून परतणारा प्रवाह रिलेला उचलून धरतो. गाडीची चाकं त्या तुकड्यावर आली की प्रवाह आसातूनच आडवा पळतो, रिले खाली पडतो आणि घंटा वाजते. खरी खुबी पुढेच आहे. बॅटरी बसली, तार तुटली, तरी रिले पडतो आणि घंटा वाजतेच. म्हणजे यंत्र बिघडलं तरी ते माणसाला थांबवण्याच्या बाजूनं बिघडतं.

तिथल्या नियमाप्रमाणे गाडी पोचण्याआधी किमान 20 सेकंद इशारा सुरू व्हावा लागतो. चित्रण बघताना हे सेकंद मोजावेत. भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रूळ चढायला किती वेळ घेतो, हे ऊस वाहणाऱ्याला आम्ही काय सांगावं!

आपल्याकडची रीत वेगळी. इंटरलॉक केलेल्या फाटकावर दांडी पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणून फाटक इतकं आधी पडतं. “मामा, उघडा की जरा,” असं कितीही ओरडलं तरी गेटमनच्या हातात काही नसतं. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 160 कलमात बंद केलेलं फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि फाटक मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी 2019 अखेर संपली, पण घाई करणारा माणूस संपलेला नाही. गळीत हंगामात तर नाहीच नाही.

वाहन रुळावर अडकलं तर? अमेरिकेत 1972 साली आयडाहो राज्यात सुरू झालेली ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ ही मोहीम सांगते, आधी सगळ्यांनी खाली उतरा आणि रुळापासून लांब व्हा. पण पळायचं ते गाडी येतेय त्या दिशेला, तिरकं. उलटं वाटतं खरं. पण धडक बसली की तुकडे गाडीच्या पुढच्या बाजूला उडतात, आणि त्या बाजूला पळणारा नेमका त्यांच्या माऱ्यात सापडतो. वेगातली मालगाडी थांबायला मैलभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. आपल्याकडे गेटमन असतो, त्याच्यापाशी लाल झेंडी, फटाके आणि फोन असतो. त्याला तत्काळ हाक मारावी. ट्रॉली सोडवत बसू नये.

या हौशी मंडळींचा एक दंडक चांगला आहे. उभं राहायचं ते सार्वजनिक रस्त्यावर, रेल्वेच्या जागेत पाऊल नाही. शेवटची दांडी वर जाईपर्यंत कॅमेराही बंद करायचा नाही. दुहेरी मार्गावरच्या चित्रणात हे फार दिसतं. एक गाडी निघून जाते, रस्ता मोकळा दिसतो, तरी दिवे लुकलुकतच असतात. बघणारा म्हणतो, बिघडलं वाटतं! तेवढ्यात दुसऱ्या रुळावरून, उलट दिशेनं, दुसरी गाडी धडाडत येते.