चेहऱ्याची साक्ष



एस.टी.च्या प्रवासात शेजारी बसलेला गृहस्थ दहा मिनिटांच्या आत आपल्याला एक प्रश्न हमखास विचारतो : "आपण मूळचे कुठले?" आपण गावाचे नाव सांगतो, तो आपल्या ओळखीचे एखादे आडनाव काढतो, आणि गोष्टी सुरू होतात. या प्रश्नात वाईट असे काही नाही. परंतु समजा, आपण "रत्नागिरीचा" म्हणून सांगितले आणि समोरच्याने आपल्या चेहऱ्याकडे नीट न्याहाळून पुन्हा विचारले, "ते झाले हो, पण मूळचे कुठले?" आणि हाच दुसरा प्रश्न शाळेत, बाजारात, कचेरीत, लग्नाच्या बोलणीत, असा जन्मभर पाठीस लागला, तर? ज्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचा वंश ओळखता येत नाही, किंवा जो ओळखू येतो तो त्यांच्या भाषेशी आणि घराशी जुळत नाही, अशा माणसांचे जगणे हा आजचा विषय आहे. तो परदेशातला वाटेल; पण त्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच गावात घडले आहे, आणि तेथूनच सुरुवात करणे बरे.

ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरात पदच्युत केले आणि १८८६च्या एप्रिलमध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले, हे आपण सर्व जाणता. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा त्याचा राजवाडा १९१०च्या सुमारास पुरा झाला. १९१६च्या डिसेंबरात राजा येथेच वारला. त्याला चार मुली होत्या. राजाच्या मुलींना शोभतील असे वर येथे कोठून मिळणार? ब्रह्मी राजकुळात योग्य मुले फार थोडी, आणि हिंदुस्थानात त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते. थोरल्या राजकन्येचा राजवाड्यातील नोकर गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जुळला. सावंत विवाहित होते. १९०६ साली त्या दोघांना मुलगी झाली. तीच टूटू. राजाच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, कुटुंबाला मायदेशी परतण्याची मोकळीक मिळाली. पण थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीसच परत आली आणि १९४७ साली येथेच निवर्तली.

टूटूचे लग्न येथेच झाले, मुलेबाळे येथेच झाली. चेहरा आईच्या वळणाचा, ब्रह्मी. नेसणे, बोलणे, रांधणे सारे मराठी. ब्रह्मी भाषा त्यांना येत नव्हती. गोवऱ्या थापून आणि कागदी फुले करून त्यांनी संसार ओढला. २००० साली त्या वारल्या. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी निघाली, पुढे २०१२ साली सुधा शहा यांचे थिबाच्या कुटुंबावरील पुस्तक आले, आणि जगाला रत्नागिरीच्या या कहाणीची ओळख झाली. त्याच २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीचे दर्शन घेण्यास येथे येऊन गेले.

आता दुसऱ्या एका मुलीकडे पाहू. टूटूच्या जन्माच्या थोडे आधी, १९०५च्या डिसेंबरात, ब्रह्मदेशात म्यिंज्यान येथे करमरकर नावाच्या चित्पावन कुटुंबात मुलगी जन्मली. वडील तेथे नोकरीस होते. मुलीचे नाव त्यांनी तेथल्या मोठ्या नदीवरून इरावती ठेवले. याच पुढे इरावती कर्वे. ब्रह्मी नाव धारण करणाऱ्या इरावतीबाईंना "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असे महाराष्ट्रात कोणी खोदून विचारले नसेल, कारण चेहरा आणि आडनाव यांची साक्ष जुळत होती. टूटू मात्र येथे जन्मल्या, येथे वाढल्या, तरी 'ब्रह्मी राणीची नात' ही त्यांची ओळख पुसली गेली नाही. जन्मस्थान, भाषा आणि संगत यांच्यापेक्षा नाकाडोळ्यांच्या ठेवणीवर आपण किती अधिक विसंबतो, हे या दोन जन्मांवरून कळते.

इरावतीबाईंचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावासा वाटतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या मानवशास्त्र शिकण्यास बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे त्या काळचे मोठे नाव. नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथील युरोपीय-आफ्रिकी मिश्र लोकांची मोजमापे घेऊन त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला होता, आणि अशा संकराविरुद्ध मत दिले होते. इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. अपेक्षा अशी होती की, युरोपीय कवट्यांत ही असमानता वेगळी दिसेल आणि तिच्यावरून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व सिद्ध होईल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी या असमानतेचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, परक्या देशात, एका विद्यार्थिनीने हे लिहावे याला धैर्य लागते. ते धैर्य किती मोलाचे होते हे लवकरच दिसले. १९३७ साली जर्मनीत ऱ्हाइनलँडमधील शेकडो मिश्रवर्णी मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, आणि त्या कामी फिशर यांच्या संस्थेतील तज्ज्ञांचा हात होता.

चेहऱ्याची साक्ष इतकी कच्ची का, हे थोडक्यात समजून घेऊ. आपल्या शरीराचा आराखडा जनुकांत असतो. अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. पण त्या अर्ध्यात नेमके काय यायचे हे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने ठरते. म्हणून एकाच घरात एक भाऊ सावळा आणि एक गोरा निघतो. त्वचेचा रंग एका जनुकाने ठरत नाही, अनेकांच्या मेळाने ठरतो. त्यांतील एका जनुकाचे जे रूप युरोपात जवळजवळ सर्वांत आढळते, तेच भारतातही पुष्कळांत आहे. घारे डोळे ही चित्पावनांची खूण समजली जाते; पण घारे डोळे कोकणात इतर जातींतही दिसतात आणि काळ्याभोर डोळ्यांचे चित्पावनही कमी नाहीत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरील कातडीची जी घडी आपण 'चिनी' मानतो, ती दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांतही आढळते, आणि त्यांचा चीनशी जवळचा काही संबंध नाही.

रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ साली हिशेब मांडून दाखविले की, माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतात. समाजासमाजांतील फरकाचा वाटा लहान. परंतु हा लहान वाटा नेमका कातडी, केस, नाक यांवर, म्हणजे डोळ्यांना दिसेल अशा जागी, उठून दिसतो. दुकानाच्या पाटीवरून आतील मालाची परीक्षा करावी, तसे आपले होते. भारतीयांपुरते बोलायचे तर अलीकडच्या संशोधनाने एवढे दाखविले आहे की, येथील बहुतेक सर्व समाज वेगवेगळ्या प्राचीन धारांच्या मिश्रणातूनच झाले, आणि हे मिश्रण सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात जोरात चालू होते. तेव्हा मिश्र कोण, असे विचारणाऱ्याने प्रथम आरशात पाहावे.

हेच काम कायदा करू लागला म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथे १९५०च्या कायद्याने प्रत्येकाची वंशावर नोंद होऊ लागली. सँड्रा लाइंग ही मुलगी १९५५ साली गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली. पण रंग सावळा आणि केस कुरळे. १९६६ साली तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढले आणि सरकारदप्तरी तिची नोंद 'मिश्रवर्णी' अशी केली. बापाने दाद मागितली. १९६७ साली कायद्यात फरक झाला आणि ती पुन्हा 'गोरी' ठरली. मुलगी तीच, आईबाप तेच; फक्त कागद बदलला. पण कागद बदलून तिच्या शाळासोबती परत आल्या नाहीत. ती नोंदणी १९९१ साली रद्द झाली.

असे परक्यांकडेच घडते, या समाधानात आपण राहू नये. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला. रूप आणि भाषा मराठी, धर्म यहुदी. या लहानशा समाजातही पूर्वी 'गोरे' आणि 'काळे' असे दोन तट होते. मिश्र विवाहाची संतती मानलेल्या 'काळ्यां'शी 'गोरे' सोयरीक करीत नसत. पुढे त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे १९६०च्या आसपास धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत कुळाची शंका काढली. त्यांनी चळवळ केली आणि १९६४ साली, ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे मान्य करवून घेतले. ज्यांनी स्वतः तट पाडले होते, त्यांनाच दुसरीकडे तटाबाहेर उभे राहावे लागले. यात कोणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. ही खोड कोणत्याही समाजाला लागते, इतकेच सांगायचे आहे.

अशा माणसाच्या वाट्याला रोज काय येते? पहिली गोष्ट खुलाशाची. दुसऱ्याला न द्यावा लागणारा हिशेब त्याला पदोपदी द्यावा लागतो. दुसरी निवडीची. "तू आमचा की त्यांचा?" असा प्रश्न दोन्ही बाजूंनी होतो, आणि एका बाजूला होकार द्यावा तर आईला किंवा बापाला नाकारल्यासारखे होते. तिसरी गोष्ट कौतुकाची, आणि ती सर्वांत फसवी. "अगबाई, किती छान मराठी बोलतेस!" असे आपण प्रेमाने म्हणतो. पण जिची मायबोलीच मराठी, तिला या शाबासकीतून कळते ते इतकेच की, तिने मराठी बोलावे अशी आपली अपेक्षाच नव्हती.

ही गोष्ट आज आपल्या दाराशी आली आहे. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला आणि मशागतीला नेपाळी कुटुंबे येतात. मच्छीमारी नौकांवर नेपाळी खलाशी असतात. त्यांची मुले आपल्या शाळांत शिकतात, आपल्या मुलांबरोबर पाढे म्हणतात, आणि काही वर्षांत त्यांचे मराठी कोणाही रत्नागिरीकराइतके अस्सल होते. मुंबई-पुण्यास ईशान्य भारतातील तरुण शिकण्यास आणि नोकरीस येतात. २०२० साली साथीच्या दिवसांत यांतील अनेकांना केवळ चेहऱ्यामुळे देशभर टोमणे आणि अपमान सोसावे लागले. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया याला मारहाण होऊन त्याचा मृत्यू झाला. त्याच्या केसांवरून केलेल्या चेष्टेतून ते भांडण उभे राहिले होते. चेष्टेपासून मरणापर्यंतचे अंतर आपण समजतो तितके लांब नसते.

मग करावे काय? माझ्या सूचना अगदी घरगुती आहेत. "मूळचे कुठले?" हे एकदा विचारावे, मिळालेले उत्तर खरे मानावे आणि दुसऱ्यांदा विचारू नये. शिक्षकांनी वर्गात 'चिनी', 'हबशी' अशी टोपणनावे पहिल्याच दिवशी बंद करावीत. ती टिकतात ती मोठ्यांच्या हसण्यावर. घरात मुलगी सावळी निघाली किंवा नातवाचे डोळे वेगळे निघाले, तर बारशाच्या दिवशी "हा कोणावर गेला?" हा खल आवरता घ्यावा, मूल मोठे होते आणि ऐकू लागते.

थिबाचा राजवाडा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. तो दाखविताना राजाच्या वैभवाबरोबर त्याच्या नातीची गोष्टही सांगावी. मात्र 'दुर्दैवी राजवंशज' म्हणून हळहळण्यासाठी ती सांगू नये. त्या नव्वदीपार जगल्या, कष्ट केले, मुले वाढविली आणि याच मातीत मिळाल्या. "मूळच्या कुठल्या?" या प्रश्नाला त्यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर आपण आता तरी खरे मानावे : त्या रत्नागिरीच्या.