खंजिरीचा ताल, भुलाबाईचे स्वर

संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्याच पानावर नाद, स्वर, सप्तक, लय, मात्रा, सम या शब्दांच्या व्याख्या उतरवलेल्या असतात आणि त्या बहुधा पाठच केल्या जातात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील मुलांच्या कानांना मात्र या शब्दांमागच्या गोष्टी वही उघडण्याआधीच ओळखीच्या असतात, कारण तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांत ताल आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांत स्वर त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. पाठ्यपुस्तकांचा क्रम स्वरापासून तालाकडे जाणारा असला, तरी वऱ्हाडातील शाळेत तो उलटा धरणेच अधिक सयुक्तिक ठरते.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या आणि १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन करणाऱ्या तुकडोजी महाराजांनी प्रबोधनासाठी खंजिरी हे वाद्य निवडले. एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या थापेने वाजणारे, कडेला झांजा बसवलेले हे छोटे चर्मवाद्य स्वर देत नाही, काल मोजते. भजनात मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात आणि या देवाणघेवाणीत सर्वांच्या टाळ्या एकाच क्षणी पडतात, याचे कारण सर्वांच्या मनात कालाचे सारखे भाग पडत असतात. त्यातील प्रत्येक भागाला मात्रा म्हणतात, मात्रा ज्या समान गतीने पुढे सरकतात तिला लय म्हणतात, आणि ठराविक मात्रांचा, ठराविक ठिकाणी भार असलेला, पुन्हा पुन्हा फिरून येणारा गट म्हणजे ताल. गती संथ असली की विलंबित, मधली असली की मध्य आणि जलद असली की द्रुत लय होते. भजन अखेरीस रंगात येते तेव्हा ताल तोच राहून लय तेवढी वाढलेली असते, हा फरक व्याख्येपेक्षा भजनातच लवकर कळतो.

भजनात आणि सुगम गाण्यात नेहमी भेटणारा केरवा हा ताल आठ मात्रांचा असून ‘धा गे ना ती । न क धी ना’ असे त्याचे बोल आहेत. बोल म्हणजे तबल्यावरील आघातांना दिलेली तोंडी नावे. दादरा सहा मात्रांचा आणि त्रिताल सोळा मात्रांचा असतो. तालाचे एक पूर्ण फिरणे म्हणजे आवर्तन, त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. त्रितालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी वाजवतात, तर नवव्या मात्रेला हात नुसताच बाजूला नेतात आणि त्या जागेला खाली म्हणतात. खालीपासून तबल्याच्या बोलांत डग्ग्याचा घुमारा थांबतो, त्यामुळे गायकाला न मोजताही आवर्तनाचा मध्य समजतो.

स्वरांकडे वळताना नाद म्हणजे कानाला गोड लागणारा, नियमित कंपनांचा ध्वनी, एवढे पुरे. सा, रे, ग, म, प, ध, नी या सात स्वरांच्या संचाला सप्तक म्हणतात. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर प ३६० कंपनांचा आणि वरचा सा बरोबर दुप्पट, म्हणजे ४८० कंपनांचा येतो. सा मात्र कुठेही खिळवलेला नाही. कोणी पेटीची काळी एक धरतो, कोणी काळी चार, आणि स्वरांची आपापसांतील अंतरे तीच राहतात. शाळेच्या समूहगानात हे विसरले जाते, शिक्षकाच्या पट्टीत सर्वांना गायला लावले जाते आणि मग निम्म्या वर्गाचा आवाज ओढला जातो. सा आणि प अचल आहेत. रे, ग, ध, नी खाली उतरून कोमल होतात, म वर चढून तीव्र होतो, आणि असे एकूण बारा स्वर मिळतात. बावीस श्रुतींचा विचार शालेय विद्यार्थ्याने पुढच्या इयत्तांसाठी ठेवावा.

भुलाबाईची बहुतेक गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात, तरी त्यांना राग म्हणत नाहीत. रागाला किमान पाच स्वर लागतात, चढण्याचा आरोह आणि उतरण्याचा अवरोह ठरलेला असतो, शिवाय सर्वांत प्रमुख असा वादी आणि त्याला साथ देणारा संवादी स्वर असतो. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर येतात. पण भूपाचा वादी ग आणि देशकाराचा वादी ध असल्यामुळे दोघांचे चेहरे वेगळे होतात. निव्वळ स्वरांच्या यादीने राग होत नाही, हे या एका जोडीइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही.

रागांची दहा थाटांत, म्हणजे मूळ स्वरसंचांत, विभागणी करणारे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ मराठीतच लिहिला, हे मराठी शाळांत फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातील स्वराखाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य अशी खूण असते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली निराळी लिपी रूढ केली. त्यांच्या शिष्यपरंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा आज सर्वत्र परिचित आहेत.

संगीत शिक्षकांनी येत्या भाद्रपदात प्रत्येक विद्यार्थ्याला घरातील आजीकडून भुलाबाईचे एक गाणे ऐकायला सांगावे, त्याचा सा पेटीवर शोधायला लावावा, मात्रा मोजून सम कुठे पडते ते ठरवून घ्यावे आणि ते गाणे स्वरलिपीत वहीत उतरवून घ्यावे. व्याख्यांचे पान त्यानंतर लिहिले तरी चालेल.