ओरखडा कुठे गेला?

नगरच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. पुण्याच्या बड्या कंपनीचा क्वालिटीवाला हल्ली दर वेळी नगरला येत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्स (व्हीसी) लावतो आणि 'जॉब कॅमेऱ्यासमोर धरा' म्हणतो. जॉब धरला, तर त्याला ना भोकाच्या कडेची बर (धातूची उठलेली कड) दिसते, ना पृष्ठभागावरचा केसासारखा ओरखडा. लॉट पास होतो, माल पुण्याला पोचतो आणि तिथे रिजेक्शन पडतं. वाचकाने वैतागून फोर-के कॅमेरा आणला. तरी तेच. 'लाइन फायबरची, कॅमेरा महागाचा, मग गळती कुठे आहे?'

गळती कुठेच नाही. ओरखडा मुद्दाम काढून टाकलेला आहे, आणि तोही पुण्याकडे निघण्याआधी, वाचकाच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये.

साधा हिशेब मांडू. चांगल्यापैकी व्हीसीचं चित्र १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० ठिपक्यांचं असतं. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर दर सेकंदाला ६६ कोटींहून जास्त बिट पाठवावे लागतील. प्रत्यक्षात असा कॉल साधारण दीड मेगाबिटमध्ये, म्हणजे १५ लाख बिटांत भागतो. सुमारे ४४० भागांतला एकच भाग पुढे जातो. बाकीचं बरंचसं निव्वळ पुनरुक्ती असते. तुमच्या मागची भिंत पुढच्या चित्रातही तिथेच असणार, ती पुन्हा कशाला पाठवायची? पण उरलेल्यावरही कात्री चालतेच, आणि खरी गंमत त्या कात्रीत आहे.

साखर कारखान्यातला ग्रेडर नगर जिल्ह्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. वाळलेली साखर हलत्या चाळण्यांवरून सरकते. मोठा दाणा एम-३० म्हणून एकीकडे जातो, लहान दाणा एस-३० म्हणून दुसरीकडे, आणि तळाशी भुकटी उरते. व्हीसीचं सॉफ्टवेअर चित्राचं हेच करतं. मूळ पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात ६४ आकडे. नुसत्या यादीत कोणता आकडा महत्त्वाचा आणि कोणता नाही हे कळायला मार्ग नाही, सगळे सारखेच. एका गणिती क्रियेतून त्यांचे नवे ६४ आकडे तयार होतात आणि मग दाणा वेगळा होतो. पहिला आकडा सांगतो, अख्खा चौकोन सरासरी किती उजळ आहे. पुढचे काही आकडे रुंद, संथ चढउतार सांगतात. जसजसं शेवटाकडे जावं तसतसे बारीक, अधिक बारीक तरंग येतात. मोठे दाणे पोत्यात भरायचे आणि भुकटीच्या जागी शून्य लिहायचं, की काम झालं. माणसाचा चेहरा म्हणजे बहुतांशी संथ चढउतारच. गाल, कपाळ, सदऱ्याचा खांदा यांतली भुकटी गेली तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. केसासारखा ओरखडा मात्र नखशिखांत भुकटीच असतो. कारखाना ती भुकटी वितळवून पुन्हा पाकात घेतो. सॉफ्टवेअर ती कायमची फेकतं.

या गणिती ग्रेडरचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. आणि ते नाव घेतलं की नासिर अहमद यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

जन्म १९४० चा, बंगळूरचा. इंजिनीअरिंगही तिथलंच. मग अमेरिकेत डॉक्टरेट आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापकी. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. एका परीक्षकाचा शेरा असा होता की सगळी कल्पना फारच सोपी वाटते. पुढे १९९१ साली लिहिलेल्या एका आठवणवजा लेखात अहमद यांनी हे कुणालाही न दुखावता सांगून टाकलं आहे. पैसे नाहीत तर नाहीत, १९७३ चा सबंध उन्हाळा त्यांनी याच कामाला दिला. सोबतीला होते त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्ससमधले सहकारी के. आर. राव. जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापून आला. लांबी अवघी चार पानं! त्या चार पानांवर पुढे जेपेग फोटो उभा राहिला, १९८८ सालचं एच.२६१ हे व्हीसीचं मानक उभं राहिलं आणि त्यानंतरच्या बहुतेक सगळ्या व्हिडिओ पद्धतीही. चौकोनांचे आकार बदलले, हिशेब सुधारला, गाभा तोच राहिला. तुम्ही आज सकाळी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक फोटोवर आणि व्हिडिओवर या तिघांचा हात फिरलेला आहे. तरीही फोन म्हटलं की शाळकरी पोरगंही ग्राहम बेलचं नाव सांगतं आणि व्हिडिओ कॉल म्हटलं की इंजिनीअरलासुद्धा नासिर अहमद आठवत नाहीत. २०२१ मध्ये 'धिस इज अस' या अमेरिकी मालिकेने एका भागात त्यांची कहाणी दाखवली, ती लॉकडाउनने सगळ्यांना पडद्यासमोर बसवल्यानंतर.

काय फेकायचं हे कळण्याआधी काय होत होतं, तेही पाहा. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' मांडला, तेव्हा भविष्य आलंच असा गाजावाजा झाला. १९७० मध्ये पिट्सबर्गला व्यापारी सेवा सुरू झाली. महिना भाडं १६० डॉलर! ग्राहक फिरकले नाहीत. यंत्राला साध्या फोनच्या शेकडोपट जागा तारांवर लागत होती, मग सेवा स्वस्त व्हायची कशी? जाहिरातीला तेव्हाही तोटा नव्हता, आजही नाही. एप्रिल २०२० मध्ये झूमने आपले रोजचे ३० कोटी 'वापरकर्ते' जाहीर केले होते. काही दिवसांतच त्यात दुरुस्ती करावी लागली. ते बैठकांतले सहभागी होते. एकच माणूस दिवसात पाच मीटिंगांना बसला तर तो पाच वेळा मोजलेला.

असो. लॉट पास करायचा आहे. जॉब हातात धरू नका. हात हलला की अख्खं चित्र बदलतं आणि तुटपुंजे बिट त्या हालचालीवरच खर्ची पडतात. फोन स्टँडला लावा, जॉब टेबलावर ठेवा, उजेड तिरका पडू द्या आणि काही सेकंद कुणी काही हलवू नका. स्थिर चित्रात सॉफ्टवेअरला फुरसत मिळते आणि ते हळूहळू तपशील भरत जातं, भोकाच्या कडेची बर उमटताना दिसते. ड्रॉइंग दाखवायचं असेल तर ते कॅमेऱ्यापुढे कधीच नाचवू नका, स्क्रीन शेअर करा. तिथे सॉफ्टवेअर उलटा सौदा करतं, म्हणजे सेकंदाला चित्रं कमी पाठवतं पण अक्षर फुटू देत नाही. आणि निर्णायक पुरावा हवा असेल तर फोटो काढून तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो पुन्हा एकदा ग्रेडरवरून जातो. 'एआयने चित्र सुस्पष्ट करतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याला मात्र दारातूनच नमस्कार करा. गेलेली भुकटी परत येत नाही, एआय तिथे अंदाजाने नवी टाकतं. अंदाजाने सुंदर केलेल्या चित्रावर लॉट पास करणं म्हणजे पुढच्या रिजेक्शनला आमंत्रण.

आवाजाचंही असंच. मोटर दुरुस्त झाली, बेअरिंगची घरघर गेली की नाही हे ग्राहकाला ऐकवायचंय. तुम्ही मोटर चालू करता आणि पलीकडचा म्हणतो, 'अहो, चालू करा की!' व्हीसीचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ओळखून बाकीचं पुसायला शिकवलेलं असतं. पंखा, कुत्रं, बेअरिंग त्याला सारखेच. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय असतो, तो लावला की मोटर ऐकू जाते. (पलीकडच्या स्पीकरमधून आपलाच आवाज परत का येत नाही, यामागे मनमोहन सोंधी या बेल लॅब्जमधल्या आणखी एका भारतीयाचं १९६७ सालचं काम आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लेख.)

हे सगळं ज्या कामासाठी घडवलं गेलं, ते काम म्हणजे दोन माणसांनी तोंडं पाहत बोलणं. त्या कामाला ते चोख आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष व्हीसीवर नोंदवायला मान्यता दिली. एक साक्षीदार, एक चेहरा, एक आवाज. तिथे भुकटी गेल्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते गर्दीत, आणि आपल्या जिल्ह्याला हा भाग जास्त लागू आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी उभा राहिला, आणि इथल्या सहकाराला हजारो सभासदांच्या सर्वसाधारण सभांची सवय आहे. कोरोनाकाळात, २०२१ मध्ये, राज्यातल्या सहकारी संस्थांना ही सभा दृकश्राव्य माध्यमातून घ्यायची मुभा मिळाली. मांडवातल्या सभेत अध्यक्ष विषय वाचतात, समोरून 'मंजूर, मंजूर' उठतं आणि कोपऱ्यातून कुणीतरी 'नामंजूर' ओरडतं. ते ओरडणं सगळ्यांच्या कानावर जातं. व्हीसीत असं सहसा होत नाही. एरवी सगळे म्यूट असतात आणि म्यूट काढायची चावी यजमानाकडे असते. सगळे अनम्यूट झाले तरी सर्व्हर एका वेळी सर्वांत मोठ्या अशा मोजक्याच आवाजांना पुढे सोडतो आणि उरलेला गलका तिथेच अडवतो. यात कुणाचं कारस्थान नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. पण ज्याच्या हाती माइक आहे त्याला ती फार सोयीची पडते.

तेव्हा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. नियमांत बसत असेल तर ऑनलाइन सभा जरूर घ्या, मुंबई-पुण्याला गेलेला सभासदही त्यात येऊ शकतो. पण ठराव आवाजी मताने मंजूर करू नका. प्रत्येक ठरावावर पडद्यावर नावानिशी मतदान घ्या, विरोधातली मतं मोजून इतिवृत्तात लिहा. सभासदांनो, अध्यक्षांनी तसं केलं नाही तर चॅटमध्ये आपलं नाव आणि 'नामंजूर' लिहा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.