नाकेबंदीच्या बोटीवरचं टपाल

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा (१८६१-६५) विषय निघाला की आपल्याकडे मुंबईतली कापसाची तेजी आठवते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एप्रिल १८६१मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना आणि इथे प्रेमचंद रायचंदांसारख्या कापूस-व्यापाऱ्यांची चलती झाली. पण ही नाकेबंदी करत कोण होतं? साडेतीन हजार मैलांच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून बसलेली उत्तरेची पोरं. महिनोन्‌महिने तोच किनारा, तीच टेहळणी. लढाई क्वचित, कंटाळा रोजचा. घरच्या पत्राची किंमत त्या कंटाळ्याने वाढवली.

पायदळाच्या छावणीत टपाल गाडीने यायचं. समुद्रात उभ्या बोटीला पुरवठा-जहाजाची वाट पाहावी लागे. ‘कनेक्टिकट’, ‘ऱ्होड आयलंड’ अशी जहाजं ताजं मांस, भाज्या आणि बर्फ घेऊन ताफ्यात फिरत, त्यांच्यावरच टपालाच्या थैल्या असत. आईने तीन सेंटांचं तिकीट लावून पाकिटावर मुलाचं, त्याच्या बोटीचं आणि ताफ्याचं नाव घालायचं, पुढचं नशिबावर. तोवर बोट दुसऱ्या बंदरासमोर गेलेली असली, की पत्र तिच्यामागे हिंडणार. कधी तीन-चार पत्रं एकदम हातात पडत, तीही उलटसुलट क्रमाने. आजारपणाच्या आधी बरं झाल्याची बातमी. म्हणून त्या काळी अनेक घरांत पत्रांना क्रमांक घालत.

उलट दिशेला एक सवलत होती. सैनिकांना बिनतिकिटाचं पत्र टाकायची मुभा १८६१मध्ये मिळाली, ती जानेवारी १८६२मध्ये खलाशांनाही लागू झाली. आपल्याकडच्या बेरिंग पत्रासारखंच, फक्त दुप्पट भुर्दंड नाही. हशील घरच्यांनी भरायचं. म्हणजे घरच्यांना आपलं पत्र धाडायलाही पैसे आणि त्याचं सोडवायलाही!

दक्षिणेत नातलग असलेल्यांचे हाल वेगळेच. १ जून १८६१पासून तिकडची उत्तरेची टपालसेवा बंद झाली. उरला युद्धविरामाच्या झेंड्याखालचा मार्ग. पत्र एक पानाचं, पाकीट उघडं, मजकूर घरगुती. युद्धाबद्दल अवाक्षर नाही. अशा पानात मरण आणि बारसं एका ओळीत उरकावं लागत असणार.

वर्तमानपत्रं बायकांना सांगत, पत्रं उमेद देणारी लिहा. मला हा सल्ला शहाजोगपणाचा वाटतो. बोटीवर अडकलेल्या पोराला देशभक्ती ऐकायला कप्तान होताच की. गाय व्यायली का, भाडं थकलं का, हे कोण सांगणार?

दुर्दैवाने घरून बोटीवर गेलेल्या याच पत्रांचा मागमूस कमी लागतो. खलाशाने धाडलेलं पत्र घरच्या पेटीत जपलं गेलं. त्याला आलेलं मात्र ओल्या बोटीवर, कपड्यांच्या पिशवीत राहिलं. उदाहरणार्थ, उत्तरेची चिलखती युद्धनौका ‘मॉनिटर’ ३१ डिसेंबर १८६२च्या पहाटे केप हॅटरसजवळ बुडाली, सोळा जण गेले. तिला ओढून नेत होती तीच ‘ऱ्होड आयलंड’. वाचलेल्यांत बॉयलरवरचा जॉर्ज गीअर होता. त्याने पत्नी मार्थाला लिहिलेली पत्रं आज न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. त्यांत घरखर्चाचे हिशेब वारंवार येतात. मार्थाने काय विचारलं असेल, ते त्याच्या उत्तरांवरून ताडावं लागतं.