बिलात न येणाऱ्या वस्तू

वार्षिक अहवालाच्या जमाखर्चात दोन प्रकारचे खर्च वाचकांच्या नजरेत भरतात. एक भांडवली खर्च, म्हणजे नवे यंत्र, नवा कक्ष, नवी लिफ्ट. दुसरा महसुली खर्च, म्हणजे औषधे, वेतन, वीज, धुलाई. तिसऱ्या एका खर्चाला मात्र आमच्या ताळेबंदात जागा नाही, कारण तो रुग्णालय करीत नाही. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे कुटुंब तो करते, किंवा करीत नाही. काठी, कमोडची खुर्ची, हवेची गादी, जवळचे वाचण्याचा चष्मा, रात्रीचा मंद दिवा अशा वस्तूंचा हा खर्च होय. अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या आकारापेक्षाही तो बहुधा कमीच असतो. तथापि शस्त्रक्रियेनंतरचे पुढचे सहा महिने रुग्णाने कसे काढले, हे बऱ्याच अंशी या वस्तूंवरच ठरते. रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचा वृत्तान्त यंदा आकड्यांपुरता न ठेवता या वस्तूंविषयी सविस्तर लिहावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली; म्हणून हा लेख. त्यातील वैद्यकीय भाग आपले अस्थिरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्याकडून समजून घेतलेला आहे. हिशेबाचा भाग तेवढा माझा.

प्रारंभ शौचालयापासून करतो. हा विषय घरातही कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि अहवालात तर तो येतच नाही. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या किंवा गुडघा बदललेल्या रुग्णाला उकिडवे बसण्यास मनाई असते. पक्षाघातानंतर तर तसे बसणे शक्यच नसते. आणि आपल्याकडील बहुसंख्य घरांतील शौचालय भारतीय पद्धतीचे. चाळीत ते मजल्याच्या टोकाला असते, जुन्या वाड्यात चौकापलीकडे, गावी परसात. अशा वेळी वृद्ध मंडळी एक उपाय आपणहून शोधून काढतात, तो म्हणजे पाणी कमी पिणे. रात्री उठायला नको, कोणाला हाक मारायला नको, म्हणून दिवेलागणीनंतर पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो, उठताना गरगरते आणि तोल जातो. रुग्ण पुन्हा आमच्याकडे दाखल होतो तेव्हा केसपेपरवर संसर्ग किंवा अस्थिभंग अशी नोंद होते. न प्यालेल्या पाण्याची नोंद कोठेच होत नाही.

दोन-अडीच हजार रुपयांची कमोडची खुर्ची हा प्रश्न पुष्कळसा सोडवते. रात्री ती पलंगाशेजारी ठेवता येते आणि दिवसा तिचे भांडे काढून तीच भारतीय शौचकूपावर मांडता येते. घेताना मात्र काही गोष्टी पाहाव्यात. दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण रुग्ण उठतो तो हातांच्या जोरावर. चारही पायांना रबरी बूट हवेत. चाके असलीच तर त्यांना ब्रेक हवा. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. भांड्याला झाकण असावे आणि रुग्ण बसलेला असताना ते मागून काढता यावे. प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीला मधोमध भोक पाडून काम भागविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ओल्या फरशीवर ती खुर्ची सरकते आणि पैसे वाचविण्याच्या नादात दुसरा अस्थिभंग पदरी पडतो.

या खुर्चीचा लाभ एकट्या रुग्णाला होत नाही. दिवसातून सहा-सात वेळा सासऱ्यांना किंवा आईला धरून नेणारी व्यक्ती बहुतेक घरांत सून किंवा मुलगी असते. तिची पाठ, तिची झोप आणि पुष्कळदा तिची नोकरी या एका वस्तूवर अवलंबून असते. रुग्णालाही कोणापुढे संकोचावे लागत नाही, याचे मोल मी रुपयांत मांडू शकत नाही.

न्हाणीघरातील पकडदांडीही याच वर्गातली. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. टॉवेल वाळत घालण्याची नळी ही पकडदांडी नव्हे. तिचे स्क्रू टॉवेलच्या वजनापुरते असतात, आणि घसरणारा माणूस नेमका तिलाच लटकतो. खरी दांडी पक्क्या भिंतीत, खोल स्क्रूंनी, गवंडी किंवा प्लंबर यांच्याकडून बसवून घ्यावी लागते.

काठीविषयी लिहिण्यासारखे काय आहे, असे वाटेल. परंतु भौतिकोपचार विभागात येणाऱ्या काठ्या पाहिल्या तर पुष्कळ आहे. काठी वडिलोपार्जित असते, शेजाऱ्यांनी दिलेली असते, तीर्थक्षेत्राहून आणलेली असते. ती वापरणाऱ्याच्या मापाची मात्र क्वचितच असते. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ यावी, म्हणजे कोपर किंचित वाकलेले राहते. काठी उंच असली तर खांदा उचलला जातो, आखूड असली तर माणूस वाकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते. दुखरा पाय पुढे पडतो त्याच वेळी काठीही पडते आणि त्या पायावरचा भार हात वाटून घेतो. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, कारण मन तसे सांगते.

काठीच्या टोकाचा रबरी बूट ही या लेखातील सर्वांत स्वस्त वस्तू. त्याच्या तळाला टायरसारख्या खाचा असतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला की बूट बदलावा. लोखंड दिसू लागेपर्यंत थांबू नये. सर्जिकल वस्तूंच्या दुकानात तो मसाला डोशाच्या किमतीत मिळतो. काठ्यांची जाडी वेगवेगळी असते, म्हणून जाताना काठी बरोबर न्यावी. एवढ्यासाठी कोण दुकानात जाणार, म्हणून महिनोन्‌महिने गुळगुळीत बुटावर चालणारे लोक आहेत, आणि पावसाळ्यात त्यांतील काही आमच्या अपघात विभागात येतात.

रात्रीच्या दिव्याचा हिशेब मी मुद्दाम करून पाहिला, कारण ‘वीज जळते’ ही घराघरांतील तक्रार असते. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास, वर्षभर लावला तर सुमारे १.८ युनिट वीज लागते. वर्षाला दोन युनिटही नाहीत. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर असे दोन दिवे लावणे आणि त्या वाटेवरील पायपुसणी उचलणे, याहून स्वस्त प्रतिबंधक उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आता हवेच्या गादीकडे वळू. हिच्याबाबत गैरसमज अधिक आहेत आणि चुकीची किंमतही अधिक मोजावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा येथे हाड व गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. दाब तसाच राहिला तर तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण होते. प्रथम तेथे केवळ लाली दिसते, पण दुर्लक्ष झाले तर जखम हाडापर्यंत जाते आणि भरण्यास महिने लागतात. हवेच्या गादीतील नळ्या दर काही मिनिटांनी आळीपाळीने फुगतात व सैल होतात, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. बाजारात ती साधारण दोन ते चार हजार रुपयांना मिळते.

परंतु गादी आणली म्हणजे कर्तव्य संपले, असे अनेक कुटुंबांना वाटते आणि तेथेच घात होतो. गादी असली तरी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावेच लागते. ही गादी नेहमीच्या गादीवर अंथरावी, म्हणजे वीज गेल्यावर रुग्ण थेट फळीवर येत नाही. तिच्यावर एकच पातळ चादर असावी. प्रेमापोटी घातलेल्या गोधड्या आणि मेणकापड यांनी तिचा गुण नाहीसा होतो. रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवून पाहावा. हाताला हाड टेकत असेल तर हवा कमी आहे. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. पूर्वी कमरेखाली रबरी रिंग देत असत. आता परिचारिका ती देऊ देत नाहीत, कारण रिंगच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा उलट अडतो. लाल झालेल्या जागी स्पिरिट व पावडर चोळण्याची जुनी चालही सोडावी, असे त्यांचे आग्रहाचे सांगणे आहे. चोळल्याने आधीच दुखावलेली कातडी अधिक दुखावते.

साहित्य केंद्रातून उसन्या देता न येणाऱ्या, तरीही याच पंक्तीत बसणाऱ्या दोन वस्तू आहेत. दम्याच्या पंपाला जोडावयाचा स्पेसर ही त्यांतील एक. पंप थेट तोंडात मारला तर औषधाचा बराच भाग घशातच राहतो. स्पेसरमध्ये फवारा स्थिरावतो आणि लहान मूलही शांतपणे श्वास घेऊन ते औषध छातीत ओढू शकते. पंप विकत घेणारे पालक स्पेसर मात्र टाळतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा घरगुती स्पेसर करून दमेकरी मुलांवर पाहणी झाली आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला, असा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेसर घेणे खरोखरच अशक्य असेल, त्यांनी बालरोगतज्ज्ञांना विचारून ही वाट धरावी.

दुसरी वस्तू म्हणजे चाळिशी. आपल्या भाषेने या चष्म्याला वयाचेच नाव दिले आहे, तरी पन्नाशी उलटलेल्या कितीतरी स्त्रिया तो लावत नाहीत. तांदळातले खडे सुनेने पाहावेत, सुईत दोरा नातीने ओवावा, असे चालते. पण औषधाच्या पट्टीवरील मुदत आणि इन्शुलिनच्या सिरिंजवरील बारीक रेघा या अंदाजाने वाचावयाच्या गोष्टी नव्हेत. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील ७५१ मजुरांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळचा चष्मा मिळालेल्या मजुरांची पानांची तोड, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एवढ्या स्वस्त वस्तूवर असा परतावा सहसा पाहावयास मिळत नाही. पहिला चष्मा रस्त्यावरून न घेता डोळे तपासून घ्यावा, म्हणजे काचबिंदूसारखा दबा धरून बसलेला आजारही कळतो.

हा खर्च कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एएखाली धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखतात, व एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. हा निधी रुग्णालयातील उपचारांच्या बिलासाठी आहे. घरी लागणारी काठी त्या बिलात येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षांवरील गरजू नागरिकांना एकवेळ ३,००० रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद झाली. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठीच ही रक्कम होती. या वस्तूंचे महत्त्व शासनालाही पटले, याचे समाधान आहे. परंतु पक्षाघात झालेला पंचेचाळीस वर्षांचा रिक्षाचालक त्या वयात बसत नाही, आणि त्याला खुर्ची आजच संध्याकाळी हवी असते.

त्याच्यासाठी साहित्य केंद्र आहे. येथे देणगीदारांपुढे एक गोष्ट नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत मांडतो. केंद्राला देणगी म्हणून सर्वांत अधिक येते ती चाकाची खुर्ची. तिच्या पाठीवर दिवंगत आप्ताचे नाव लिहिता येते, ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु प्रमाणित चाकाची खुर्ची सुमारे दोन फूट दोन इंच रुंद असते, आणि पुष्कळ घरांच्या न्हाणीघराचे दार दोन फुटांचे. उंबरठा असला तर दाराशीच थांबावे लागते. म्हणून खुर्ची नेण्यापूर्वी घरातील दारांची मापे घेऊन या, असे आम्ही नातेवाइकांना सांगतो, आणि मापे घेतल्यावर त्यांतील कित्येक जण वॉकर घेऊन जातात. चाकाच्या खुर्च्या भांडारात उभ्या असतात, त्याच वेळी कमोडच्या खुर्चीसाठी नावे लिहून घ्यावी लागतात. कमोडच्या खुर्चीवर आईचे नाव घालावे असे कोणाला वाटत नाही, हे स्वाभाविक आहे. नाव नको असेल तर तसे कळवावे; पावती नेहमीप्रमाणे मिळेल.

अनामत रकमेबाबत विश्वस्त मंडळात मतभेद आहेत, हेही नमूद करणे योग्य. वस्तू परत येत नाहीत म्हणून अनामत वाढवावी, असे एक मत आहे. माझे मत निराळे आहे. अनामत वाढली की परत येण्याचे प्रमाण वाढेल, पण ज्याला वस्तूची सर्वांत अधिक गरज आहे तोच खिडकीवरून परत फिरेल. न परतलेली काठी बहुधा कोणाच्या तरी हातात असते. तिला तोटा म्हणताना माझा हात अडखळतो. तूर्त काठी व वॉकर नाममात्र अनामतीवर आणि गादी व खुर्ची थोड्या अधिक रकमेवर, असा मध्यम मार्ग ठेवला आहे. पुढील बैठकीत याचा विचार होईल.

वापरलेल्या वस्तूही केंद्र स्वीकारते. आणताना खुर्चीचे भांडे व झाकण, गादीचा पंप व तिची जोडनळी बरोबर आणावी. त्यांच्याविना वस्तू पडून राहते. नळी फाटलेली गादी, वाकलेला वॉकर किंवा दुसऱ्याच्या क्रमांकाचा चष्मा आणू नये. आलेली प्रत्येक वस्तू जंतुनाशकाने धुऊन, उन्हात वाळवून आणि रबरी बूट बदलून मगच दिली जाते. या बुटांसाठी, पंपांच्या दुरुस्तीसाठी आणि चाकांच्या बेअरिंगसाठी वर्षभर किरकोळ रक्कम लागत राहते. देणगीच्या अर्जात यंदापासून त्यासाठी ‘साहित्य दुरुस्ती’ असा स्वतंत्र रकाना ठेवला आहे.