वारुळावरची अळंबी आणि हिरवळीवरची छत्री

आषाढसरी चार दिवस लागून राहिल्या आणि मध्येंच ऊन पडलें, कीं पाताळगंगेच्या कांठच्या रसायनीपासून खालापूर-कर्जतच्या डोंगरउतारांपर्यंत पांढऱ्या छत्र्या उमटूं लागतात. ठाकूर व कातकरी स्त्रिया रानांतली अळंबी आणून रस्त्याच्या कडेला विकतात. त्याच दिवसांत गुरचरणांवर आणि वसाहतींच्या हिरवळीवरहि तशाच छत्र्या उगवतात, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

रानांतल्या अळंबीचा वंश टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो १९४२ सालीं निश्चित केला. टर्मिटोमायसिस हाइमी ही जाति त्याच्याच नांवाची. वस्तुतः ही वाळवीची शेती होय! वाळवी सुकें लाकूड व पाला जमिनीखालीं नेऊन त्यांचें सच्छिद्र पोळें रचते. त्यावर वाढणारी बुरशी लाकडाचा कठीण अंश पचनास सुलभ करते, आणि वाळवी तिच्यावर पोसली जाते. माती भिजली म्हणजे या पोळ्यांतूनच छत्री वर येते. जमीन फोडावयाची असल्यामुळें तिचा माथा टोकदार व कठीण असतो, आणि देठ मुळासारखा निमुळता होत पोळ्यापर्यंत खोल गेलेला असतो. वाळवीवाचून ती नांदत नाहीं. म्हणूनच धिंगरीसारखे तिचे मळे झालेले नाहींत.

दुसरी छत्री क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. टोपीवर तपकिरी खवले, देठाला सरकणारें कडें, आणि बुडाशीं लांब मुळाऐवजीं नुसता फुगवटा. कोंवळेपणीं तिचे पापुद्रे पांढरेच असतात, आणि फसगत होते ती याच वयांत. टोपी कापून पांढऱ्या कागदावर पापुद्रे खालीं करून रात्रभर झांकून ठेवावी: पक्व छत्रीची धूळ मळकट हिरवी पडते, अळंबीची फिकट गुलाबीसर. ही हिरवी छत्री पोटांत गेल्यास एक ते तीन तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. लहान मुलांना ते विशेष जड जातात.

मात्र धूळ हिरवी नाहीं एवढ्यावरून छत्री खाद्य ठरत नाहीं. अमानिटा वंशांतील प्राणघातक जातींची धूळ पांढरी असते. रुपयाचें नाणें किंवा लसूण काळी पडते कीं नाहीं, ही घरगुती परीक्षा तर सर्वस्वी निरर्थक आहे. वारूळ, खोल देठ आणि धूळ हीं तिन्हीं जुळलीं, तरीहि अनुभवी रानकऱ्याच्या नजरेखालून गेल्यावांचून ती चुलीवर चढवूं नये. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर शिल्लक छत्री टाकून न देतां रोग्याबरोबर दवाखान्यांत न्यावी.